कामं अनेक, वायफाय एक: फ्रीलान्सरनं सामायिक खर्चाची वाटणी कशी करायची?

नाशकात एकाच खोलीत बसून तीन-तीन प्रकारची कामं करणारी माणसं आता गल्लोगल्ली सापडतात. सकाळी अंबडच्या एखाद्या कारखान्याची वेबसाइट, दुपारी पुण्याच्या एजन्सीचं काम, संध्याकाळी ऑनलाइन शिकवणी, आणि लग्नसराई लागली की गंगापूर रोडच्या लॉन्सवर कॅमेरा. पैसे चार दिशांनी येतात. पण वायफाय एकच, लॅपटॉप एकच, टेबल-खुर्ची एकच आणि महावितरणचं बिलही एकच. मग रिटर्न भरायची वेळ आली की प्रश्न पडतो, हा खर्च नेमका कोणत्या कामाच्या नावावर टाकायचा?

गोंधळलेली माणसं दोनपैकी एक वाट धरतात. काही जण 'नको ती भानगड' म्हणून खर्च दाखवतच नाहीत आणि हकनाक जास्त कर भरतात. काही जण तेच बिल दोन-दोन ठिकाणी पूर्ण लावतात, आणि मग नोटीस आली की धावपळ करतात. खरं तर हा विषय वाटतो तेवढा अवघड नाही. कामा-कामांमधली वाटणी बहुतेकांना करावीच लागत नाही. वाटणी लागते ती मोजक्या चार ठिकाणी. तिथे मात्र ती काटेकोर हवी.

असं का, ते आधी पाहू. आयकर कायदा तुमचं उत्पन्न पाच शीर्षांखाली बघतो: पगार, घरभाडं, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर. फ्रीलान्सिंगची सगळी कमाई 'धंदा-व्यवसाय' या एकाच शीर्षाखाली जाते. वेबसाइटचे पैसे असोत, फोटोंचे असोत की शिकवणीचे, शेवटी सगळ्यांची बेरीज होते आणि कर त्या बेरजेवर लागतो. त्यामुळे इंटरनेटचे ९,००० रुपये वेबसाइटच्या कामातून वजा केले काय किंवा शिकवणीतून केले काय, बेरीज तीच राहते. दोन्ही कामांचा हिशेब तुम्ही प्रत्यक्ष खर्चावर ठेवत असाल, तर कोणत्या क्लायंटला किती इंटरनेट लागलं याचा कीस पाडत बसू नका. रिटर्नमध्ये कामाचे प्रकार एकापेक्षा जास्त दाखवता येतात, आणि ते दाखवावेत. पण वायफायच्या बिलाचे तुकडे करायची गरज नाही.

खर्च मिळण्याची मूळ अट मात्र पक्की लक्षात ठेवा. कलम ३७(१) सांगतं की खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्या-व्यवसायासाठी झालेला असावा, तो खासगी नसावा आणि भांडवलीही नसावा. लॅपटॉप, कॅमेरा यांसारख्या टिकाऊ वस्तू भांडवली असतात. त्यांची किंमत एका वर्षात वजा होत नाही, घसाऱ्याच्या रूपानं वर्षागणिक मिळते. खर्चातून त्याच वर्षी उत्पन्न आलंच पाहिजे, अशी मात्र अट नाही. २०२७ च्या सिंहस्थाची कामं डोळ्यांसमोर ठेवून आधीपासून फोटोग्राफी करणाऱ्यानं आज पोर्टफोलिओ छापून घेतला, तर तो आजचा खर्च आहे. काम नंतर मिळालं किंवा नाही मिळालं, तरीही.

आणखी एक गैरसमज इतका पसरलाय की तो इथेच खोडून काढतो. 'नव्या कर प्रणालीत वजावटी नाहीत, मग बिलं कशाला सांभाळायची?' नव्या प्रणालीत ८०सी सारख्या बहुतेक वैयक्तिक वजावटी गेल्या. धंद्याचा खर्च ही त्या अर्थानं वजावट नाहीच, नफा काढायची ती पहिली पायरी आहे. ती दोन्ही प्रणालींत तशीच आहे. दुसरीकडे, २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत निवासी व्यक्तीचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर सवलतीमुळे नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. तुम्ही त्या रेषेच्या बऱ्याच खाली असाल, तर खर्चाच्या शेवटच्या रुपयासाठी जीव काढायचं कारण नाही. रेषेच्या आसपास किंवा वर असणाऱ्यांना पुढचं सगळं लागू आहे.

एक खुलासाही आत्ताच करतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झालाय. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचा हिशेब जुन्या, १९६१ च्या कायद्यानंच होतो, म्हणून इथे जुने कलम क्रमांक वापरले आहेत. नव्या कायद्यात क्रमांक बदलले, उदाहरणार्थ अंदाजित उत्पन्नाच्या, म्हणजे जमेचा ठरावीक टक्का उत्पन्न मानणाऱ्या तरतुदी कलम ५८ मध्ये एकत्र आल्या. वाटणीमागचं तत्त्व तेच राहिलंय.

घर आणि काम

पहिली वाटणी घर आणि काम यांच्यातली, आणि ती जवळपास प्रत्येकाला करावी लागते. कलम ३८ याच परिस्थितीसाठी आहे. जागा अर्धी राहायला आणि अर्धी कामाला वापरत असाल, किंवा एखादी वस्तू पूर्णपणे कामासाठी नसेल, तर योग्य तेवढा हिस्साच खर्चात धरायचा. 'योग्य' म्हणजे किती टक्के, ते कायद्यानं लिहिलेलं नाही. ते तुम्ही ठरवायचं आणि विचारलं तर पटवून द्यायचं.

एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू. समजा, पाथर्डी फाट्याजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी एक वेब डेव्हलपर आहे. भाडं महिना १५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,८०,०००. फ्लॅटचा कार्पेट एरिया ६०० चौरस फूट, त्यातली १२० चौरस फुटांची खोली फक्त कामाची. म्हणजे २० टक्के, ३६,००० रुपये. हिशेब संपला. याच खोलीत रात्री मुलं झोपत असतील किंवा पाहुण्यांसाठी गाद्या पडत असतील, तर २० टक्के म्हणणं बरोबर नाही, थोडं खाली यायला हवं. जागेला चौरस फूट हे माप शोभतं. गाडीला किलोमीटर शोभतात: वर्षभरात ॲक्टिव्हा ८,००० किलोमीटर फिरली आणि त्यातले ३,२०० क्लायंटकडच्या फेऱ्यांचे असतील, तर पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा आणि घसारा या सगळ्याचे ४० टक्के. त्यासाठी मोबाइलमध्ये तारीख, कुठून कुठे आणि किती किलोमीटर, एवढी एका ओळीची नोंद पुरते. 'पाथर्डी फाटा ते सातपूर, फॅक्टरी शूट' अशा ओळी वर्षभर साचल्या, की त्यांच्यासमोर कोणताही अंदाज फिका पडतो. लॅपटॉपला तास, मोबाइलला वापर. ज्या कारणानं खर्च वाढतो-घटतो, त्याच मापानं तो वाटायचा.

घर स्वतःचं असेल तर? स्वतःला भाडं देता येत नाही, त्यामुळे 'बाजारभावानं एवढं भाडं झालं असतं' असा खर्च दाखवता येत नाही. घर वडिलांच्या नावावर असेल आणि तुम्ही त्यांना खरोखर भाडं देत असाल, तर चालतं. पण करार असावा, पैसे बँकेतून जावेत, रक्कम त्या भागातल्या भाड्याला धरून असावी आणि वडिलांनी ती आपल्या उत्पन्नात दाखवावी. नुसतं कागदावरचं भाडं टिकत नाही.

लॅपटॉपच्या घसाऱ्यात एक बारकावा आहे, आणि सणासुदीला खरेदी करणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा. संगणकावर घसारा ४० टक्के. पण वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर पहिल्या वर्षी निम्माच मिळतो. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी ८०,००० चा लॅपटॉप घेऊन लगेच कामाला लावला असेल, तर ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरतात आणि घसारा ३२,००० होतो. तोच लॅपटॉप ऑफर बघून दिवाळीत घेतला, तर १६,०००. उरलेलं बुडत नाही, पुढच्या वर्षांकडे सरकतं, पण यंदाचा आकडा अर्धा होतो. आपल्या डेव्हलपरनं दसऱ्याला घेतलाय. ती तीन चतुर्थांश वेळ त्यावर काम करते आणि उरलेला वेळ घरचे सिनेमे बघतात, म्हणून खर्चात २४,००० धरायचे. आणि अशी खरेदी रोखीत करू नका. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीतच धरली जात नाही, मग घसारा कशावर काढणार?

नोकरी आणि फ्रीलान्सिंग

दिवसा नोकरी आणि संध्याकाळी अनुवाद किंवा डिझाइन, असं करणारे पुष्कळ आहेत. पगाराच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष खर्च वजा होत नाहीत. प्रमाणित वजावट मिळते, नव्या प्रणालीत ७५,००० रुपये, आणि ऑफिसच्या कामासाठी लागलेलं घरचं इंटरनेट, पेट्रोल हे सगळं त्यातच आलं असं समजायचं. त्यामुळे इंटरनेट दिवसभर कंपनीच्या कामाला आणि रात्री दोन तास अनुवादाला वापरत असाल, तर अनुवादाच्या उत्पन्नातून त्या दोन तासांपुरताच हिस्सा वजा करा. कंपनीनं दिलेल्या लॅपटॉपवर काम करत असाल, तर त्याचा घसारा तुमचा नाही. जुन्या प्रणालीत पूर्ण भाड्यावर घरभाडे भत्त्याची सवलत घेतली असेल, तर त्याच भाड्याचा तुकडा पुन्हा फ्रीलान्सिंगमध्ये घालू नका.

अंदाजित उत्पन्न आणि प्रत्यक्ष खर्च

खरी गाठ इथे आहे, आणि सर्वात जास्त लोक इथेच अडखळतात.

कलम ४४एडीए काही ठरावीक व्यवसायांना मोठी सोय देतं. एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवा, उरलेली निम्मी खर्च मानली जाईल, बिलं कोणी मागणार नाही. मर्यादा ५० लाखांच्या जमेची. रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. प्रत्यक्ष उत्पन्न निम्म्यापेक्षा जास्त असेल, तर जास्त दाखवायला कायदा मोकळीक देतो, आणि प्रामाणिकपणे दाखवावं हे माझं ठाम मत. हे ठरावीक व्यवसाय म्हणजे वकिली, डॉक्टरी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, आणि शिवाय सरकारनं जाहीर केलेले माहिती तंत्रज्ञान, चित्रपट कलाकार, कंपनी सेक्रेटरी वगैरे. लग्नाची फोटोग्राफी, अनुवाद, शिकवणी यांची नावं या यादीत नाहीत. चित्रपटाचा कॅमेरामन 'चित्रपट कलाकार'मध्ये येतो, म्हणून लॉन्सवरच्या लग्नाचा कॅमेरामनही त्यात येतो असं नाही.

आपल्या डेव्हलपरकडे परत येऊ. वेबसाइटच्या कामाची जमा १८ लाख. हे माहिती तंत्रज्ञान, ती ४४एडीए घेते, उत्पन्न ९ लाख. लग्नाच्या फोटोंची जमा ९ लाख, आणि तिथे ती प्रत्यक्ष खर्चावर हिशेब ठेवते. दुसऱ्या फोटोग्राफरचं मानधन, अल्बमची छपाई, ड्रोनचं भाडं, गाडी असा थेट खर्च ३,६०,०००. कॅमेरा आणि लेन्सची शिल्लक किंमत २ लाख, त्यावर १५ टक्के घसारा ३०,०००. कॅमेरा ती वेबसाइटच्या कामाला वापरत नाही, म्हणून तो पूर्ण फोटोग्राफीचाच. उरला दोन्ही कामांचा सामायिक खर्च. खोलीचं भाडं ३६,०००, वीज ८,०००, इंटरनेट ९,०००, मोबाइल ४,०००, फोटो आणि डिझाइन दोन्हीला लागणारं सॉफ्टवेअर २१,५००, सीएची फी १५,०००, राज्याचा व्यवसाय कर २,५०० आणि लॅपटॉपचा घसारा २४,०००. बेरीज १,२०,०००. घरगुती वापराचा भाग यातून आधीच काढलेला आहे.

आता मोह कुठे होतो ते पाहा. वेबसाइटच्या कामात खर्च दाखवायची जागाच नाही, ते निम्मे तर आपोआप मिळाले. मग हे १,२०,००० सगळे फोटोग्राफीत टाकले तर? नाही टाकता येत. ४४एडीएच्या ५० टक्क्यांत त्या कामाचा सगळा खर्च मिळाला असंच कायदा धरतो, घसाऱ्यासकट. सामायिक खर्चातला वेबसाइटच्या वाट्याचा भाग त्या ५० टक्क्यांत जिरून गेला. तो पुन्हा फोटोग्राफीत दाखवणं म्हणजे एकाच बिलाचे दोनदा पैसे घेणं.

मग वाटणी कशानं करायची? तिची जमा १८ आणि ९, म्हणजे दोनास एक. त्या प्रमाणात फोटोग्राफीच्या वाट्याला ४०,००० येतात. ९,००,००० मधून ३,६०,०००, ३०,००० आणि ४०,००० गेले, नफा ४,७०,०००. वेबसाइटचे ९ लाख मिळवले की १३,७०,०००. नव्या प्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी यावर सेससकट कर ८८,९२०. सगळे १,२०,००० फोटोग्राफीत कोंबले असते, तर कर ७६,४४० आला असता. म्हणजे फरक १२,४८० रुपयांचा. एवढ्यासाठी कलम २७०ए ओढवून घ्यायचं? तिथे उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल बुडालेल्या कराच्या ५० टक्के दंड आहे, आणि मुद्दाम चुकीची माहिती दिली असं ठरलं तर २०० टक्के. व्याज वेगळंच.

जमेचं प्रमाण हा सगळ्यात सोपा आधार, पण नेहमीच सगळ्यात न्याय्य नसतो. एका लग्नाचे फोटो निवडून, रंग दुरुस्त करून अल्बमला द्यायला आठवडा लागतो. तिचा लॅपटॉपसमोरचा निम्मा वेळ फोटोंवरच जात असेल, तर लॅपटॉप, वीज, खोली आणि सॉफ्टवेअर तासांच्या प्रमाणात अर्धं-अर्धं वाटणं जास्त खरं होईल. सीएची फी आणि व्यवसाय कर मात्र जमेच्या प्रमाणात. अशी मिश्र वाटणी चालते. जे चालत नाही ते हे: यंदा तासांनी फायदा होतोय म्हणून तास, पुढच्या वर्षी जमेनं होतोय म्हणून जमा. आधार एकदा ठरवला की कामाचं स्वरूप बदलेपर्यंत तोच ठेवा. बदलला तर का बदलला, तेही लिहून ठेवा.

वाटणीचा हा आधार एका कागदावर उतरवा. खोलीची मापं, तासांची सरासरी, गाडीचे किलोमीटर आणि त्यावरून काढलेले टक्के. खाली तारीख. वर्ष संपायच्या आत लिहिलेल्या कागदाला वजन असतं. नोटीस आल्यावर तयार केलेला कागद ओळखू येतो.

फोटोग्राफीला कलम ४४एडी का लावू नये, जिथे धंद्याला डिजिटल जमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्केच उत्पन्न दाखवायचं असतं? प्रश्न रास्त आहे. ते कलम धंद्यासाठी आहे. अल्बम, फ्रेम, माणसं लावून काम करणारा स्टुडिओ धंद्याच्या जवळ जातो, एकट्याच्या कौशल्यावर चालणारं काम व्यवसायाच्या जवळ जातं. तुमचं काम कुठे बसतं, हे सीएसमोर बसून ठरवा. शिवाय ४४एडी घेऊन पाच वर्षांच्या आत सोडलं, तर पुढची पाच वर्षं ते परत मिळत नाही. ४४एडीएला असं बंधन नाही. आणि खरा नफा जमेच्या निम्मा असताना ६ टक्के दाखवणं मला कधीच पटलेलं नाही. दोन्ही कामं अंदाजित पद्धतीनं दाखवली, तर सामायिक खर्चाचा प्रश्नच उरत नाही आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर सहसा रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-४, पुरतो. एक काम प्रत्यक्ष खर्चावर असेल, तर आयटीआर-३.

जमा कशी मोजायची, तेही इथेच सांगतो. ५०,००० च्या बिलातून क्लायंटनं १० टक्के टीडीएस कापून ४५,००० दिले, तर तुमची जमा ५०,००० आहे. ५० टक्के काढायचे ते ५०,००० चे, आणि वाटणीचं प्रमाणही त्याच आकड्यावर ठरवायचं. बँकेत आलेल्या रकमा बेरजेला धरल्या, की वार्षिक माहिती पत्रकाशी म्हणजे एआयएसशी हिशेब जुळत नाही. क्लायंटनं प्रवासाचा टोल आणि पेट्रोल भरून दिलं असेल, तर ती रक्कम जमेत धरली असेल तरच खर्चात धरा.

द्राक्षबाग

नाशिक जिल्ह्यात हा मुद्दा टाळून चालणार नाही. फ्रीलान्सिंग करणाऱ्या अनेकांच्या नावावर दिंडोरी, निफाडकडे थोडीफार बाग असते. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून शेतीसाठी झालेला खर्च फ्रीलान्सिंगमधून वजा होत नाही. कलम १४ए हेच सांगतं. बागेत फेरी मारायला लागलेलं पेट्रोल, औषधांच्या चौकशीचे फोन, मजुरांना पैसे पाठवण्यापुरता मोबाइलचा वापर, हे सगळं वाटणीत बाजूला काढायचं.

या कलमामागे जी हकीकत आहे, ती आपल्याच मातीतली आहे. महाराष्ट्र शुगर मिल्स ही कंपनी स्वतः ऊस पिकवत होती आणि त्याच उसाची साखर करत होती. आयकर खात्याचं म्हणणं होतं की मॅनेजिंग एजंटच्या, म्हणजे कंपनीचा कारभार बघणाऱ्याच्या, कमिशनचा जो भाग ऊस पिकवण्याशी संबंधित आहे तो मिळणार नाही, कारण शेतीचं उत्पन्न करपात्र नाही. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला: ऊस आणि साखर मिळून धंदा एकच आहे, तो तोडता येत नाही, म्हणून खर्च पूर्ण मिळेल. राजस्थान स्टेट वेअरहाउसिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात २००० साली न्यायालयानं तेच सूत्र पुन्हा मांडलं: धंदा एक आणि अविभाज्य असेल तर पूर्ण खर्च, वेगवेगळे असतील तर वाटणी. लगेच २००१ च्या वित्त कायद्यानं कलम १४ए आलं, तेही १९६२ पासून लागू असल्याप्रमाणे. तेव्हापासून करमुक्त उत्पन्नाच्या वाट्याचा खर्च, धंदा एक असला तरी, बाजूला काढावा लागतो.

करपात्र कामांच्या बाबतीत मात्र 'एक की अनेक' हा प्रश्न अजूनही उपयोगी आहे. व्यवस्थापन एकाच माणसाच्या हाती आहे का, पैसा एकाच खात्यातून फिरतो का, साधनं आणि माणसं सामायिक आहेत का, एक काम बंद पडलं तर दुसऱ्याला धक्का बसेल का, हे पाहिलं जातं. कामाचं स्वरूप निराळं आहे एवढ्यावरून धंदा निराळा ठरत नाही. वेबसाइट, लोगो आणि सोशल मीडियाच्या पोस्ट करणाऱ्याचा धंदा एकच. वेबसाइट करून वर शनिवारी-रविवारी योगाचे वर्ग घेणाऱ्याचे दोन म्हणता येतील.

जीएसटी आणि रोख

आपल्या डेव्हलपरच्या कोणत्याही एका कामानं २० लाखांचा टप्पा ओलांडलेला नाही. पण सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा एका पॅनवरच्या सगळ्या कामांची बेरीज करून बघतात. १८ आणि ९ मिळून २७ लाख, म्हणजे तिला नोंदणी बंधनकारक आहे. 'प्रत्येक काम छोटंच आहे' या भरवशावर इथे फार जण फसतात. नोंदणी झाल्यावर लॅपटॉपच्या, सॉफ्टवेअरच्या बिलातला जीएसटी ती कामाच्या वापरापुरता परत घेऊ शकते. पण परत घेतलेली ती रक्कम आयकरात खर्च किंवा घसारा म्हणून पुन्हा धरायची नाही. म्हणून वरच्या उदाहरणातले सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत असं समजा.

लग्नाच्या कामात रोखीचा व्यवहार अजून चालतो. दुसऱ्या फोटोग्राफरला मांडवातच १२,००० रोख दिले, तर कलम ४०ए(३) प्रमाणे वरचे २,००० नव्हे, पूर्ण १२,००० खर्चातून जातात, कारण एका दिवसात एका व्यक्तीला रोख देण्याची मर्यादा १०,००० आहे. तेच यूपीआयनं पाठवले तर काही अडचण नाही. लग्नाला जाताना हेल्मेट नव्हतं म्हणून भरलेला दंड खर्चात येत नाही, तो कामावर असताना झाला असला तरी.

कागदपत्रांसाठी एक साधी सोय पुष्कळ पुढे नेते: फ्रीलान्सिंगसाठी वेगळं बँक खातं. चारही कामांची जमा त्यात, सगळा कामाचा खर्च त्यातून, आणि घरखर्चाला महिन्याला एक ठरावीक रक्कम आपल्या दुसऱ्या खात्यात. सामायिक बिलं याच खात्यातून भरली, की वर्षअखेरीला फक्त टक्के लावायचे उरतात. ठरावीक व्यवसायांना वह्या आणि बिलं संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षं ठेवावी लागतात, आणि तोच नियम सगळ्या कामांच्या कागदांना लावलेला बरा. २०२५-२६ ची बिलं त्या हिशेबानं ३१ मार्च २०३३ पर्यंत हवीत. पेट्रोल पंपाची पावती तोपर्यंत कोरी झालेली असेल, त्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांतच उडतात. म्हणून पावती हातात आली की लगेच तिचा फोटो काढा आणि महिन्याच्या नावानं केलेल्या फोल्डरमध्ये टाका.